कृपेचा हिशेब

चांगदेवाने चौदाशे वर्षे तप केले, मृत्यूला दरवेळी दारातून परत पाठवले, वाघावर बसून आळंदीला गेला, आणि शेवटी शिष्य झाला तो मुक्ताबाई नावाच्या पोरसवदा मुलीचा. ही कथा बऱ्हाणपुरात कोणाला शिकवावी लागत नाही. आमच्या तापीला खाली पूर्णा येऊन मिळते, त्या संगमावरच चांगदेवाचे देऊळ आहे, आणि मुक्ताबाईचे स्थानही त्याच टापूत. कथा संपली की ऐकणाऱ्यांत हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, चौदाशे वर्षांची तयारी नसती तर मुक्ताबाईचा शब्द त्याला लागला तरी असता का? दुसरा म्हणतो, अहो, ती तयारीच तर आड येत होती!

ख्रिस्ती धर्मात याच भांडणाला दोन हजार वर्षे होत आली. माणसाचे तारण देवाच्या कृपेने होते की त्याच्या सत्कर्मांनी? कृपेने म्हणावे, तर मग चांगले वागायचे कशासाठी? आणि कर्मांनी म्हणावे, तर क्रुसावरच्या मरणाची गरजच काय होती? या प्रश्नाचा आढावा शनवाऱ्यात बसून घ्यावा असे मला वाटले, त्याला कारण आहे. शनवारा ही जुन्या तटबंदीची एक वेस. या वेशीपासून रिक्षाने तासाभरात फिरता येईल एवढ्या गावात मोक्षाविषयी निदान पाच मते शेजारीशेजारी नांदतात. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. दाऊदी बोहऱ्यांचा दर्गा-ए-हकीमी आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला जाताना इथे थांबले, त्याची आठवण सांगणारा गुरुद्वारा आहे. आणि नागझिरीला कबीर निर्णय मंदिर आहे, जिथली पारख परंपरा म्हणते की तारणारा बाहेर कोणी नाहीच. जिवाने स्वतः पारखावे आणि सुटावे. कृपेचा विचार इतक्या स्पष्टपणे नाकारणारे पीठ ज्या गावात आहे, तिथे कृपेविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मराठी मुलुखात हा वाद लूथरच्या कारणाने कधी झालाच नाही. इथे ज्याने त्याने आधी काय करून पाहिले होते, किंवा त्याला काय करूच दिले नव्हते, त्यावर कृपेचा अर्थ ठरला. म्हणून मूळ सिद्धांताला थोडी जागा देतो आणि माणसांना जास्त.

सिद्धांत प्रेषित पौलाचा. इफिसकरांना आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो की तारण ही देवाची देणगी आहे, ती विश्वासाने हाती येते, कर्मांनी कमावता येत नाही. कारण कमावता आली असती तर माणूस तिची फुशारकी मारत बसला असता. त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. ते म्हणते, कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. गंमत अशी की दोघेही साक्षीला अब्राहामालाच उभे करतात. पौल म्हणतो, अब्राहामाने विश्वास ठेवला तेव्हाच तो नीतिमान गणला गेला. याकोब म्हणतो, त्याने मुलाला वेदीवर ठेवले तेव्हा. एकाच माणसाच्या चरित्रातली दोन प्रकरणे, आणि त्यावरून दोन तट.

चौथ्या-पाचव्या शतकात पेलाजियस नावाच्या सज्जन साधूने सांगितले की देवाने आज्ञा दिल्या त्या अर्थी माणसाला त्या पाळता येतात. त्यावर हिप्पोचा बिशप ऑगस्टीन तुटून पडला. माणसाची इच्छाच मोडलेली आहे, देवाने आधी हात दिल्याशिवाय ती भल्याकडे वळतसुद्धा नाही, असे त्याचे म्हणणे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत अमान्य केले. ऑगस्टीनच्याच नावाने चालणाऱ्या संघातला संन्यासी मार्टिन लूथर १५१७ साली पापक्षमापत्रांच्या विक्रीवर उठला, आणि हे भांडण सबंध युरोपभर पेटले. लूथरच्या मते न्यायासनापुढे उभा राहिलेला माणूस दोषीच असतो. देव त्याला ख्रिस्तामुळे निर्दोष ठरवतो. रोमने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिले: आरंभ कृपेनेच होतो हे खरे, पण देव नुसते निर्दोष ठरवून सोडत नाही, तो माणसाला आतून बदलतो, आणि बदललेल्या माणसाची कृत्ये त्या जीवनात वाढ करतात. रोमन कॅथलिक लोक पुण्याने स्वर्ग विकत घेतात, असे प्रोटेस्टंट प्रचारात सर्रास म्हटले जाते. ट्रेंटचा ठराव वाचला तर ते टिकत नाही. व्यवहारात काय चालते हा भाग वेगळा, त्याकडे येईनच.

या सगळ्याचा बऱ्हाणपूरशी संबंध अगदीच नाही असे मात्र समजू नये. अकबर १६०० साली इथे येऊन बसला आणि असीरगडाला वेढा पडला, तेव्हा त्याच्या लवाजम्यात जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातलाच हा. किल्ला जानेवारी १६०१ मध्ये हाती आला, आणि त्याच वर्षी बेनेडिक्ट गोएश हा जेरोमचा संघबंधू अकबराच्या वकिलातीबरोबर गोव्याला गेला. आता त्याच वेळी रोममध्ये काय चालले होते पाहा. १५९७ पासून १६०७ पर्यंत पोपच्या समितीपुढे जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन संघ कृपेवरूनच एकमेकांना खेचत होते. डॉमिनिकन म्हणत, देवाची कृपा स्वतःच्या बळाने काम करते. जेझुइट म्हणत, माणूस होकार देईल की नकार हे देवाला आधीच ठाऊक असते आणि त्या स्वातंत्र्याला धरून तो कृपा देतो. शेवटी पोप पाचवा पॉल याने दोघांनाही घरी पाठवले: एकमेकांना पाखंडी म्हणू नका, निकाल योग्य वेळी देऊ. तो निकाल अजून आलेला नाही.

जेरोम इकडे दरबारात होता तेव्हा गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स होता. १५७९ साली आलेला हा इंग्रज जेझुइट मराठी इतका शिकला की १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, दहा हजारांहून जास्त ओव्यांचे. सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्तापर्यंत कथा सांगणारे हे पुराण वाद घालत नाही. पुराण सुटलेल्या नव्या ख्रिस्ती घरांना ऐकायला काहीतरी हवे होते, ते त्याने दिले. मराठीत कृपेची गोष्ट पहिल्यांदा आली ती ओवीतून आली. शास्त्रार्थाची भाषा तिला पुढे दोन शतकांनी मिळाली.

तो शास्त्रार्थ एकोणिसाव्या शतकात जुंपला. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आले, १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. ही सगळी मंडळी कॅल्व्हिनच्या शाळेतली; माणूस स्वतःच्या बळावर काही करू शकत नाही, हे त्यांचे पहिले वाक्य. विल्सनसाहेबांना उत्तर म्हणून मोरभट दांडेकरांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते. या सगळ्या वादांत हिंदू पक्षाचा जो आक्षेप फिरून फिरून येतो तो साधा आहे: करावे तसे भरावे. एकाच्या पापाचे दुसऱ्याने भरायचे, हा न्याय कुठला? आणि भरणा आगाऊ झालाच असेल, तर उद्या पाप करायला भीती कसली?

या वादातले सर्वांत मोलाचे पान मात्र माळव्यात आणि काशीत लिहिले गेले, आणि दोन्ही ठिकाणी लिहिणारा मराठी होता. जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मत मांडले. त्याला पहिले उत्तर आले ‘सोमनाथ’ या नावाने. हा सोमनाथ म्हणजे भोपाळजवळच्या सिहोरचे ज्योतिषी पंडित सुबाजी बापू, असे अभ्यासक मानतात. पुढे काशीच्या नीळकंठ गोऱ्हे या तरुण चित्पावनाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूरसाहेबांची झोप उडवावी असे प्रश्न विचारले. पूर्वजन्मच नसेल, तर एक जण आंधळा आणि एक राजा का जन्मतो? चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारा नरक, ही कसली मोजदाद? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले की त्यांनी दुःख भोगावे?

आणि हाच नीळकंठ १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. पुढे त्याने षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला, अँग्लिकन संन्याशांच्या सहवासात तो पुण्यात राहिला, आणि १८९५ साली वारला. धर्मांतराच्या कथा सहसा अशा लिहिल्या जातात की पाणी डोक्यावर पडले आणि शंका धुऊन गेल्या. गोऱ्ह्यांचे तसे झाले नाही. शंका त्यांच्या उशाशी शेवटपर्यंत होत्या. मला या सगळ्या परंपरेत तेच सर्वांत प्रामाणिक वाटतात. ज्याने आक्षेप स्वतः घडवला, त्याला त्याची धार ठाऊक असते.

बाबा पद्मनजींविषयी इथे थोडेच सांगतो. बेळगावचा कासार कुटुंबातला मुलगा, परमहंस सभेत वावरलेला, १८५४ साली ख्रिस्ती झाला. ‘यमुनापर्यटन’ आणि ‘अरुणोदय’ यांमुळे तो मराठी वाङ्मयाचा झाला. पण त्याची झुंज प्रामुख्याने खरे-खोटे धर्मशास्त्र कोणते याच्याशी होती. कृपेची तहान त्याच्या कथेत आहे. ती सर्वांत तीव्र मात्र दुसरीकडे दिसते.

ती दिसते पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थांवरून तीर्थांवर हिंडत होते. पुराण सांगायचे, मिळेल ते दान करायचे, नद्यांत न्हायचे, देवांना प्रदक्षिणा घालायच्या, उपास करायचे, ब्राह्मणांना जेवू घालायचे. दुष्काळ आला तेव्हा ही कर्मे कमी झाली नाहीत, वाढली. देव प्रसन्न झाला तर धान्य येईल या आशेने घरातले होते-नव्हते ते गेले: पैसा, दागिने, भांडी, वस्त्रे. शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा हे कुटुंब रानात गेले आणि पाने खाऊन राहिले. वडिलांनी पवित्र तीर्थात देह ठेवायचे ठरवले होते. मुलाने, श्रीनिवासाने, त्यांना आवरले आणि मी मजुरी करीन म्हणून सांगितले. ब्राह्मणाच्या मुलाने मजुरी करायची, हा त्या घरातला खरा धक्का. १८७४ साली वडील गेले, मग थोड्याच काळात आई, मग बहीण. उरलेले दोघे, श्रीनिवास आणि रमाबाई, चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले.

१९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली, तिच्यातून हा सगळा हिशेब कळतो. दोन गोष्टी तिच्यात आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, करून करून थकल्याची. या कुटुंबाने कर्मे अर्धवट केली असे कोणी म्हणू शकत नाही. जे शास्त्राने सांगितले ते त्यांनी पोट जाळून केले. दुसरी, करूच न दिल्याची. बाईला वेदाचा अधिकार नाही, बाईला पुरुषासारखा मोक्ष नाही, नवऱ्याच्या सेवेतूनच काय ते भले, एरवी पुढच्या जन्मी ब्राह्मण पुरुष होण्याची वाट पाहा, हे रमाबाईंनी शास्त्रे वाचत असताना स्वतः पाहिले. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली तेव्हा ती आपण वाचावी की नाही, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. लूथरला मठात सगळी कर्मे खुली होती, तो त्यांना कंटाळला. रमाबाई एकाच वेळी कर्मांनी थकलेल्या होत्या आणि कर्मांबाहेर ठेवलेल्याही होत्या.

१८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथे संपली असती तर ती इतर अनेक गोष्टींसारखीच ठरली असती. पण त्या स्वतः सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. उपासना, नियम, पंथांचे मतभेद, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनशी त्रैक्यावरून लांबलचक पत्रव्यवहार, हे सगळे झाले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा हॅस्लम धर्मोपदेशक होऊन बरीच वर्षे गेली तरी स्वतः तारणाविषयी कोरडाच होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर स्वतःचेच प्रवचन देता देता त्याचा पालट झाला. ते वाचून रमाबाईंच्या ध्यानात आले की आपणही एका कर्मकांडातून निघून दुसऱ्या कर्मकांडात शिरलो आहोत. हे ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती मंडळींच्या तोंडावर सांगायला धारिष्ट लागते.

आता विरोधकांचा नेहमीचा प्रश्न: कृपा फुकट म्हटली की माणूस आळशी होतो का? केडगाव पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात हिंडून निराधार मुली गोळा करत होत्या. १९०० च्या सुमारास तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका होत्या. विणकाम, छपाई, शेती, तेलघाणी, शाळा. तारणासाठी काहीच करावे लागत नाही असे मानणारी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होती, आणि वर मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होती. १९२२ साली त्या गेल्या त्याआधी ते हातावेगळे झाले होते. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, त्याची बाजू आहेच. शाळेत धर्म शिकवणार नाही हा शब्द पाळला गेला का, हा वाद खरा होता. कृपेने भारावलेल्या माणसाला ती वाटल्याशिवाय राहवत नाही आणि तिथेच शेजाऱ्याशी खटका उडतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापासून त्यांना हलवेना. लक्षात घ्या, पौलाची पत्रे नव्हे, डोंगरावरचे प्रवचन. म्हणजे नव्या करारातला आचरणाचा सर्वांत कडक भाग. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. म्हणजे कृपेची भाषा त्यांना मिशनने शिकवली नाही. आपण पतित आहोत, आपले काही चालत नाही, देवाने धावून यावे, हे वारकऱ्याच्या घरातले बोलणे आहे. ते घेऊनच टिळक चर्चमध्ये गेले आणि त्यांच्या अभंगांमुळे ते आजही मराठी उपासनेत ऐकू येते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास तर सिद्धांताच्या वाटेने झालाच नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसते ते सोवळ्याचे एकेक पदर कसे सुटत गेले ते; १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो सगळे पदर सुटल्यावर.

भक्ती आणि कृपा एकच, असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी हा वाद माकडीण आणि मांजर यांच्या दृष्टांताने मांडला आहे. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पहिल्या पक्षाचे, तेंकलै दुसऱ्या. रूडॉल्फ ओटो या जर्मन पंडिताने १९३० च्या सुमारास यावर पुस्तक लिहिले आणि साम्य मोकळेपणाने मान्य केले. तरी फरक राहतो. वारकऱ्याची कृपा विटेवर नित्य उभी आहे, ती संतसंगतीने आणि नामाने पुन्हापुन्हा येते. पौलाची कृपा इतिहासातल्या एका शुक्रवारी, एका क्रुसावर बांधलेली आहे. टिळकांनी पूल ओलांडला, पण नदी होतीच.

या सगळ्या ब्राह्मण नावांमुळे चित्र वाकडे होते. मराठी ख्रिस्ती मंडळ्या भरल्या त्या अहमदनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या महार-मांग वस्त्यांतून. त्यांना तीर्थे करून कंटाळा यावा अशी स्थितीच नव्हती. देवळाची पायरी हीच त्यांची हद्द. अधिकार लागत नाही, दक्षिणा लागत नाही, भटजी लागत नाही, असा देव त्यांना सांगितला गेला. कृपेचा हा अर्थ लूथरच्या डोक्यात आला नसेल. अर्थात मंडळीत शिरल्यावर महार आणि मांग एका पंगतीला सुखाने बसले असे नाही, आणि १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने धर्मांतरिताच्या सवलती गेल्या, जात गेली नाही.

इथेच या सिद्धांतावरची सर्वांत भेदक टीका येते आणि तीही मराठी माणसाची. धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना डॉ. आंबेडकरांनी दाखवले की माणसाची अधोगती त्याच्या पापामुळे झाली, असे ख्रिस्ती शिकवण अस्पृश्याला सांगते. मग तो स्वतःच्या पापाची क्षमा मागत बसतो. ज्या समाजरचनेने त्याला खाली दाबले तिच्यावर उठायची त्याची ऊर्मीच जाते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आधी पापी म्हणायचे, ही यातली अडचण आहे, आणि तिचे समाधानकारक उत्तर मला मराठी ख्रिस्ती लेखनात मिळालेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आंबेडकरांनी जो धम्म घेतला, त्याच्या संस्थापकाला ते मार्गदाता म्हणतात. मोक्षदाता म्हणायला ते स्वच्छ नकार देतात. वाट दाखवली आहे, चालायचे तुम्हीच. नागझिरीच्या पारखवाल्यांना हे वाक्य परके वाटणार नाही.

दुसरी टीका गांधींची. प्रिटोरियात त्यांना प्लिमथ ब्रदरन पंथाचा एक माणूस भेटला. त्याचे म्हणणे, तुम्ही जन्मभर प्रायश्चित्ते घेत बसता, आम्ही पापाचा भार ख्रिस्तावर टाकून मोकळे होतो. गांधींनी उत्तर दिले की मला पापाच्या फळापासून सुटका नको आहे, पापापासूनच हवी आहे. पुढे त्या गृहस्थाने जाणूनबुजून चुकीचे वागून आपले मन कसे ढळत नाही हे करूनही दाखवले! गांधी हेही सांगतात की सगळे ख्रिस्ती असे नसतात हे त्यांना माहीत होते. हिटलरच्या जर्मनीत लूथरच्याच पंथातल्या डीट्रिख बोनहोफरने १९३७ साली स्वस्त कृपेवर आसूड ओढला: पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा ही मंडळीची जिवावरची वैरीण आहे, असे त्याचे म्हणणे. १९४५ साली नाझींनी त्याला फाशी दिले. त्याच्या कृपेची किंमत त्याने मोजली.

युरोपातले मूळ भांडण दरम्यान बरेचसे मिटले आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग येथे रोम आणि जागतिक लूथरन महासंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: तारण कृपेनेच, सत्कृत्ये हे तिचे फळ. २००६ साली मेथडिस्ट त्यात आले, २०१७ साली कॅल्व्हिन परंपरेतल्या मंडळ्या आल्या. चारशे-साडेचारशे वर्षांची शिव्याशापांची भाषा कागदावर तरी मागे घेतली गेली. आमच्या खांडवा भागात मेथडिस्टांचे काम एकोणिसाव्या शतकापासूनचे. १९७० साली नागपुरात उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापन झाली तेव्हा अमेरिकन वळणाचे हे मेथडिस्ट बाहेरच राहिले. त्यांचा जॉन वेस्ली म्हणे की कृपा सगळ्यांसाठी आहे, ती नाकारताही येते, आणि ती मिळाल्यावर पवित्र जगणे चुकत नाही. निवडलेल्यांनाच तारण, हे कॅल्व्हिनचे मत त्याला कधी मानवले नाही.

कागद काही म्हणो, कर्म मागच्या दाराने परत येते. ‘तुमचं तारण झालंय का?’ असे विचारणारी मंडळी थोड्या वेळाने दशांश दिला का, उपास-प्रार्थनेला का आला नाहीत, हेही विचारते. साक्ष देणारा उभा राहतो आणि दारू कशी सुटली, आजार कसा बरा झाला, दुकान कसे चालले याची यादी देतो. काही सभांतून तर उघड सांगतात: पेराल तसे देव देईल, पाकीट सढळ ठेवा. लूथर ज्या पेटीवर उठला होता तीच ही पेटी, झाकण नवे. कॅथलिक बाजूला वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात-पाय वाहिले जातात, नवस फेडले जातात. ते करणाऱ्यांत हिंदू-पारशीही असतात, आणि त्या गर्दीला ट्रेंट काय म्हणाले याची फिकीर नसते. माणसाला फुकट मिळालेली गोष्ट पेलत नाही, असे मला वाटते. काहीतरी दिल्याशिवाय तो घरी जात नाही.

मध्य प्रदेशात या फुकटपणाला कायद्याचीही बाजू आहे. १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने दैवी कोपाची धमकी देणे हा बळजबरीचा प्रकार ठरवला, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात तो कायदा ग्राह्य धरला. म्हणजे नरकाची भीती घालून कोणाला ख्रिस्ती करता येत नाही. पौलाला याची हरकत नसावी. पण नव्या, २०२१ च्या कायद्यात प्रलोभनाची व्याख्या इतकी रुंद आहे की बऱ्या जगण्याची आशा दाखवणेही तिच्यात येऊ शकते. मग विनामूल्य देणगी म्हणून ज्या गोष्टीचा प्रचार करायचा, तिचे काय? कायदा करणाऱ्यांनी पौलाची पत्रे वाचली नसणार आणि पाद्र्यांनी कायदा वाचल्याशिवाय चालत नाही, अशी सध्याची स्थिती आहे.

आणि उरतो तो नीळकंठ गोऱ्ह्यांच्या प्रश्नांच्याच कुळातला एक प्रश्न, ज्याला दोन्ही पक्ष कचरतात: कृपेनेच तारण होते आणि ती ख्रिस्तातच आहे, तर ज्यांनी त्याचे नावही ऐकले नाही, किंवा ऐकून नम्रपणे नको म्हटले, त्यांचे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मान्य केले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे देवाला मनापासून शोधतात, तेही तारण पावू शकतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत यावर आजही एकमत नाही. कोणी व्हॅटिकनच्या जवळ येतो, कोणी दार घट्ट लावून घेतो, आणि बरेचसे पाळक हा विषय व्यासपीठावर काढतच नाहीत. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. निमाडातल्या ख्रिस्ती घरात अनेकदा एका भावाचा बाप्तिस्मा झालेला असतो, दुसऱ्याचा नसतो, आणि आई आषाढात मुक्ताईच्या पालखीचे दर्शन घेऊन आलेली असते. तिचे तारण होणार की नाही, हे तो भाऊ पाळकाला विचारतो तेव्हा त्याला ट्रेंट आणि लूथरचे विटेनबर्ग यांच्याशी काही देणेघेणे नसते.